डॉक्टर, आधी माझा दिवस विचारा

रविवारी माझी धाकटी बहीण होस्टेलवरून घरी आली की जेवणं उरकल्यावर मला दिवाणावर बसवते आणि म्हणते, "ताई, आज तू पेशंट." ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरूनच कंटेंट रायटिंग करते. नाटकाची हौस असल्यामुळे दिलेली भूमिका मी मनापासून वठवते. कधी माझ्या पोटात दुखतं, कधी मला तीन आठवड्यांचा खोकला असतो. ती प्रश्न विचारते, मी उत्तरं देते. याला त्यांच्याकडे 'हिस्टरी घेणं' म्हणतात. रोग्याला हात लावण्याआधी त्याच्याकडून त्याची हकिगत नीट काढून घ्यायची.

सुरुवातीला तिचे प्रश्न ठरलेले असायचे. खोकला कधीपासून? कफ पडतो का? ताप, भूक, झोप कशी? घरात कुणाला टीबी आहे का? मग तिची कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग लागली आणि प्रश्नांचा सूर बदलला.

"काय काम करता?"

"लॅपटॉपवर लिहिते."

"दिवसाचे किती तास? खुर्ची-टेबल आहे की पलंगावर बसून? खोलीला खिडकी आहे? याआधी काय करत होतात? सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो का?"

मला हसू आलं. "अगं, मला खोकला झालाय. माझ्या खुर्चीचं काय करायचंय तुला?"

ती गंभीरपणे म्हणाली, "आमचे सर म्हणतात, नुसता व्यवसाय विचारू नका. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा त्यांचा दिवस विचारा."

हे वाक्य पुढे आमच्या घरात फार कामाला आलं. डॉक्टर होणाऱ्या मुलांना जे शिकवलं जातं, त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी, ओसरीशी आणि पगाराशी किती जवळचा संबंध आहे, हे मला त्यातून कळलं. म्हणून हा लेख.

तीनशे वर्षं जुना प्रश्न

हा प्रश्न वैद्यकशास्त्रात आणण्याचं श्रेय बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याला दिलं जातं. मोडेना शहरात त्याच्या घराचा मैलाखड्डा साफ करायला माणसं आली होती. त्यातला एकजण जिवाच्या आकांतानं, घाईघाईनं काम करत होता. इतकी घाई कशाला, असं रामाझ्झिनीनं विचारलं. या खड्ड्यात जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात, असं त्या माणसानं सांगितलं. रामाझ्झिनीनं त्याचे डोळे तपासले, तेव्हा ते लाल झालेले आणि अधू दिसले.

त्यानंतर तो वेगवेगळ्या कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन बघू लागला. १७०० साली त्याचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक छापून आलं. त्यात चाळीसहून अधिक धंद्यांची माहिती आहे. खाणकामगार आहेत, कुंभार आहेत, धोबिणी आणि सुइणी आहेत. पीठ दळणारे आणि पाव भाजणारेही आहेत. पिठाच्या धुळीनं त्यांना खोकला आणि दमा होतो, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारत आले, त्यांत आणखी एक घालावा असं त्यानं सांगितलं. तो प्रश्न म्हणजे 'तू काम काय करतोस?'

बहिणीनं मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, इतका साधा प्रश्न, तो कोण विसरेल? पण आपल्याकडचा कुठलाही केसपेपर काढून बघा. नाव, वय, पत्ता आणि त्याखाली 'व्यवसाय'. हा रकाना बहुतेक वेळा खिडकीपलीकडचा माणूस भरतो. नोकरी, शेती, मजुरी किंवा गृहिणी. डॉक्टरांपर्यंत कागद पोचतो तोवर प्रश्न विचारून झालेला असतो आणि उत्तर मात्र मिळालेलं नसतं.

जबलपूरहून येणारं जाडजूड पुस्तक

कम्युनिटी मेडिसिनला मुलं अजूनही जुन्या नावानं पीएसएम म्हणतात, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. त्याचं पार्क यांचं पुस्तक जबलपूरहून प्रकाशित होतं आणि देशभरातली मुलं तेच वाचतात. उशाला घेऊन झोपता येईल इतकं ते जाड आहे. शस्त्रक्रियेचं आकर्षण असलेल्या मुलांना हा विषय रटाळ वाटतो, हे बहीणही मान्य करते. कापसाच्या धुळीनं बिसिनोसिस, दगडाच्या धुळीनं सिलिकोसिस, उसाच्या चोयट्यांनी बगॅसोसिस अशी जोड्या लावायची यादी असते. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची.

खरं तर यामागचा विचार मोठा होता. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, भोर समितीनं आपल्या अहवालात म्हटलं होतं की आपल्याला 'सामाजिक वैद्य' घडवायला हवेत आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्यावं. आजार झाल्यावर औषध देणारा डॉक्टर पुरेसा नाही, आजार कुठून येतो हे शोधणाराही हवा, असा त्यामागचा विचार.

२०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. नुसतं काय माहीत हवं यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता यायला हवं, यावर भर आला. कामामुळे होणाऱ्या आजारांचा भाग त्यात वेगळा आहे. शेतकऱ्यांसह सगळ्या कष्टकऱ्यांचे आजार, कामगारांची राज्य विमा योजना, बसण्या-उठण्याची आणि वजन उचलण्याची पद्धत, हे सगळं त्यात येतं. इतकंच नाही, तर डॉक्टर-नर्स यांना स्वतःच्या कामातून होणारे आजार आणि ते टाळण्याचे उपायही येतात. हवा, पाणी, आवाज, किरणोत्सर्ग यांच्या प्रदूषणाचे परिणाम आणखी एका भागात आहेत.

शिवाय आता विद्यार्थ्यांना काही कुटुंबं 'दत्तक' दिली जातात. त्यांच्या घरी वारंवार जायचं, त्यांची प्रकृती बघत राहायची. ही कल्पना अगदीच नवी नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी गावात मुक्काम करून कुटुंबांची ओळख करून घेतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही अशी परंपरा जुनी आहे. जे काही ठिकाणी चालत आलं होतं, ते आता देशभरात सगळ्यांसाठी आलं.

'कुछ नहीं करती'

आम्ही इंदूरचे मराठी. बहिणीच्या कॉलेजनं दत्तक घेतलेलं गाव माळव्यातलं, सोयाबीन आणि लसणाचं. पहिल्या खेपेला ती छापील फॉर्म घेऊन गेली. घर पक्कं की कच्चं, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का, रेशनकार्ड कोणतं. एका घरातल्या बाईला तिनं विचारलं, "आप क्या काम करती हैं?" बाई म्हणाली, "कुछ नहीं करती." बहिणीनं रकान्यात 'गृहिणी' लिहिलं.

सर मागेच उभे होते. त्यांनी तिला फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि म्हणाले, आता यांना पहाटेपासूनचा दिवस विचार.

दिवस असा निघाला. पहाटे गोठा, शेण, मग चुलीवर स्वयंपाक. गॅस होता, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा म्हणून भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. दुपारी लसूण सोलून, साफ करून गोण्या भरायच्या. त्याची टरफलं आणि धूळ नाकातोंडात जाते. फवारणीच्या दिवसांत नवऱ्यासाठी बादलीत औषध कालवायचं, काठी हाताशी नसली तर हातानंच. संध्याकाळी पुन्हा चूल. बाई सतत डोकं दुखतं म्हणत होती आणि फवारणीच्या दिवसांत ते वाढतं, हे तिनं आपण होऊन सांगितलं. तोपर्यंत तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

बहीण त्या रात्री फोनवर म्हणाली, "ताई, जी काहीच करत नाही असं मी लिहिलं होतं, तिचा दिवस लिहायला मला दोन पानं लागली."

मला वाटतं, या विषयाचं शिक्षण म्हणजे हेच. यादी पाठ असणं गरजेचं आहेच, कारण काय शोधायचं हे माहीत नसेल तर दिवस ऐकूनही काही हाती लागणार नाही. पण ती यादी कुणाच्या तरी अंगणात बसून वापरायला शिकवलं, तरच ती डोक्यात राहते.

काकूची गिरणी

आता आमच्या घरची गोष्ट. माझी काकू आमच्याच वाड्यात खालच्या मजल्यावर राहते. काकांचं दुकान चालेनासं झालं, तेव्हा तिनं ओसरीत पिठाची गिरणी घातली. गहू, ज्वारी, बेसन, उपवासाची भाजणी असं सगळं ती दळून देते. सणासुदीला तर ओसरीत डब्यांची रांग लागते. चुलतभावाच्या क्लासची फी त्याच पैशांतून जाते आणि घरातल्या मोठ्या निर्णयांत काकूचं मत आता आधी विचारलं जातं. त्या गिरणीनं तिला बरंच काही दिलं.

दीडेक वर्षापासून तिला खोकला होता. आधी कोरडा, मग रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा. दोन डॉक्टर झाले. टीबीची तपासणी झाली, ती व्हायलाच हवी होती, आणि सुदैवानं काही निघालं नाही. एक्स-रे चांगला आला. मग सिरप, अँटिबायोटिक, पुन्हा सिरप. आंबट खाऊ नका, फ्रिजचं पाणी पिऊ नका. सगळे कागद मी पाहिले आहेत. प्रत्येकावर व्यवसाय 'गृहिणी'.

एका रविवारी बहिणीनं मला सोडून काकूला पेशंट केलं. काकू कौतुकानं बसली. दिवस सांगता सांगता गिरणी आली. किती तास चालते, ओसरीला खिडकी आहे का, पीठ डब्यात पडताना उडतं का, साफ कशानं करतेस. काकू म्हणाली, "केरसुणीनं झाडते की, रोज. पांढरं धुकं होतं नुसतं." मग बहिणीनं तो प्रश्न विचारला, "काकू, गिरणी बंद असते तेव्हा खोकला कमी होतो का गं?"

काकू क्षणभर गप्प झाली. दिवाळीनंतर ती बारा दिवस उज्जैनला माहेरी राहिली होती. "तिकडे रात्री उठले नाही मी," ती म्हणाली. "आईच्या हातचं खाऊन बरं वाटलं असेल, असं म्हटलं."

बहिणीनं निदान केलं नाही. विद्यार्थिनीनं ते करायचं नसतं, हेही त्यांना शिकवलेलं असतं. तिनं एका कागदावर सगळं नीट लिहिलं. गिरणी कधी सुरू केली, खोकला कधी लागला, कधी वाढतो, कधी थांबतो. तो कागद घेऊन काकू छातीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद दोनदा वाचला. नळीत फुंकून श्वासाची तपासणी केली. मग एक छोटं पीक फ्लो मीटर घ्यायला सांगितलं. काही आठवडे दिवसातून चार वेळा त्यात जोरानं फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, गिरणी चालू असलेल्या दिवशीही आणि बंद असलेल्या दिवशीही. त्या वहीतले आकडे कुणालाही वाचता आले असते. गिरणी चालू की आकडे खाली, बंद की वर. तिला पिठाच्या धुळीनं होणारा दमा होता. रामाझ्झिनीनं लिहिलेलाच.

बंद कर म्हणणं सोपं असतं

डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि स्पष्ट सांगितलं की एकदा शरीराला पिठाची ॲलर्जी झाली की थोडी धूळही पुरते. त्यापासून जितकं लवकर लांब व्हाल, तितकं बरं होण्याची शक्यता जास्त. काकूनं घरी येऊन जाहीर केलं, "गिरणी बंद होणार नाही."

आम्ही तिच्यावर चिडलो नाही, कारण तिचं म्हणणं खरं होतं. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराला निदान विमा योजना असते, आजारपणाची रजा मागता येते. घरच्या ओसरीत काम करणाऱ्या बाईला कसली रजा आणि कोण देणार?

इथे बहिणीच्या पुस्तकातली दुसरी गोष्ट कामाला आली. धोक्यापासून बचाव करण्याचे उपाय एका क्रमानं शिकवतात. सगळ्यात चांगलं म्हणजे धोकाच नाहीसा करणं. ते जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणणं. मग धूळ उगमापाशीच अडवणं. मग कामाची वेळ आणि पद्धत बदलणं. आणि सगळ्यात शेवटी मास्क. आपण मात्र नेमकं उलट करतो. आधी तोंडाला रुमाल बांधतो आणि उपाय झाला असं समजतो.

पहिला विचार आला की दळायला एक मुलगा ठेवावा. काकूच म्हणाली, "म्हणजे माझा खोकला त्या पोराच्या छातीत घालायचा?" मला वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात सार्वजनिक आरोग्याचा सगळ्यात चांगला धडा तिनंच दिला. मग ठरलं की दळणारा कुणीही असो, आधी धूळ कमी करायची.

गिरणी बंदिस्त ओसरीतून मागच्या उघड्या पडवीत नेली. जिथे पीठ पडतं त्या तोंडाला लांब कापडी बाही लावली आणि ती डब्याच्या झाकणातून आत सोडली, म्हणजे पीठ वरून पडून उडत नाही. बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. केरसुणी बंद, ओल्या फडक्यानं पुसणं सुरू. दळायचं काम काकांनी घेतलं, चांगला मास्क लावून. काकू पडवीत जात नाही. ती ऑर्डरी घेते, हिशेब ठेवते आणि धान्याची खरेदी बघते. काकांच्याही श्वासाची तपासणी झाली आहे आणि ती दर वर्षी करायची आहे. सगळं काही आदर्श आहे असं नाही. पंखा बिघडला की काका तसेच दळतात आणि काकू वरून ओरडते. पण ती आता रात्रभर झोपते.

आजोबांचीही गिरणी

मराठीत पिठाची ती गिरणी आणि कापडाचीही गिरणीच. माझे आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. काकूच्या आजाराची चर्चा चालू असताना बाबा सहज म्हणाले, "आमच्या नानांना सोमवारी छाती भरून यायची. आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेले की पहिल्या दिवशी धाप लागायची, मग गुरुवार-शुक्रवारपर्यंत सुटायची. खात्यातले लोक चेष्टा करायचे, म्हणायचे नानांना कामाचा कंटाळा येतो."

बहीण जेवता जेवता थांबली. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं, ही बिसिनोसिसची अगदी पुस्तकी खूण आहे. कापूस, ताग, अंबाडीच्या धुळीनं तो होतो. सुरुवातीला त्रास फक्त पहिल्या दिवशी होतो, पुढे आठवडाभर आणि मग कायमचा.

आजोबांचे कागद आजीनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. आम्ही ते काढले. 'जुना ब्राँकायटिस' आणि 'बिडी बंद करा' एवढंच त्यांत होतं. बिडी ते ओढत होते, त्यामुळे डॉक्टरांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण कोणत्या खात्यात काम करता, हे त्या कागदांत कुठेही नव्हतं.

याचा तोटा एकट्या आजोबांचा नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामामुळे होणाऱ्या ठरावीक आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, बिसिनोसिस असे आजार त्यात होते. कारखान्यातल्या कामगाराला यातलं काही झालेलं दिसलं, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरानं ते कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला कळवायचं, अशी तरतूद होती. एका माणसाचं निदान झालं की त्याच खात्यात शेजारी उभ्या असलेल्या पन्नास जणांकडे लक्ष जावं, हा त्यामागचा हेतू. पण ज्या डॉक्टरानं काम विचारलंच नाही, तो कळवणार तरी काय?

पाटीवरची पेन्सिल

आमच्याच मध्य प्रदेशातलं एक उदाहरण सांगते. आपल्यातल्या बहुतेकांच्या आई-वडिलांनी पाटीवर पेन्सिलीनं अक्षरं गिरवली. मंदसौर हे त्या पेन्सिली बनवण्याचं मोठं केंद्र. दगड यंत्राच्या करवतीवर कापून त्या काड्या काढायच्या. त्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जातं. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, तो फक्त टाळता येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मंदसौरच्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत हा आजार आढळला. १९८२ साली या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी राज्यानं कायदाही केला.

सिलिकोसिसची लक्षणं टीबीसारखी दिसतात आणि सिलिकाच्या धुळीनं टीबी होण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे दोन्हींत गल्लत सहज होते. खोकला, धाप, वजन उतरणं दिसलं की टीबीचं औषध सुरू होतं आणि दगडाची गोष्ट तशीच राहते. अशा वेळी 'काम काय करता, आणि याआधी काय करत होतात?' हा प्रश्न कुठल्याही महागड्या मशीनइतकाच मोलाचा ठरतो.

शिकवलेलं टिकतं कुठे?

बहिणीला मी एकदा विचारलं, "तुम्हाला एवढं शिकवतात, मग काकूला दीड वर्षात कुणीच कसं विचारलं नाही?"

तिनं दिलेलं उत्तर मला पटलं. सरकारी ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते आणि एका पेशंटला जेमतेम काही मिनिटं मिळतात. त्यातही हा प्रश्न फक्त कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये विचारायचा असतो, अशी मुलांची समजूत होते. पुढे मेडिसिनच्या, त्वचारोगाच्या, कान-नाक-घशाच्या वॉर्डात सीनियर हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून ज्युनिअरही सोडून देतात. खरं तर गवंड्याच्या हातावरच्या भेगांचं मूळ सिमेंटमध्ये असू शकतं. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. गरोदर बाई दिवसभर काय उचलते आणि किती वेळ उन्हात असते, हे कळल्याशिवाय तिला दिलेला सल्ला अपुरा राहतो. एक प्रश्न सगळ्याच विभागांचा आहे.

तिचे सर त्यावर आपल्या परीनं उपाय करतात. ते मुलांना वर्गाबाहेर काढतात. एकदा बेकरीत नेलं, एकदा जलशुद्धीकरण केंद्रात. आणि एकदा त्यांच्याच हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, जिथे पिवळ्या, लाल, निळ्या पिशव्यांमधला कचरा गोळा होतो. तिथल्या सफाई कामगाराला सुई टोचली तर काय होतं, त्याला हिपॅटायटिस बी ची लस दिली आहे का, हे मुलांनी त्याला विचारायचं होतं. बहीण म्हणाली, "रोज त्यांच्या शेजारून जातो आम्ही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं काम बघितलं."

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा

डॉक्टर शिकतील तेव्हा शिकतील. तोवर पेशंट म्हणून आपणही काही गोष्टी आपण होऊन सांगू शकतो. बहिणीकडून ही यादी मी मुद्दाम लिहून घेतली आहे.

• 'गृहिणी' किंवा 'नोकरी' एवढ्यावर थांबू नका. हातानं नेमकं काय करता ते सांगा. शिवणकाम, पार्लर, अगरबत्ती वळणं, पापड-मसाले, गिरणी, जे असेल ते.

• त्याआधी कोणतं काम करत होतात तेही सांगा. काही आजार काम सोडल्यावर अनेक वर्षांनी दिसतात.

• धूळ, धूर, वास, मोठा आवाज, फार ऊन, रसायनं यांतलं काही रोज अंगावर येत असेल तर त्याचं नाव घ्या. रसायनाच्या डब्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

• सुट्टीत, माहेरी किंवा गावाला गेल्यावर त्रास कमी होतो का, हे आठवून सांगा.

• तुमच्याबरोबर तेच काम करणाऱ्या आणखी कुणाला असाच त्रास आहे का, तेही सांगा.

• घरात चूल, शेगडी किंवा कोळसा वापरत असाल तर लाजू नका. डॉक्टरांना ते कळायला हवं.

आणि हो, यावरून स्वतःच निदान करू नका, चालू औषधंही बंद करू नका. आपलं काम फक्त हकिगत पूर्ण सांगण्याचं.

काकूनं ही यादी गिरणीजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे, आमच्यासाठी मराठीत आणि गिऱ्हाइकांसाठी हिंदीत. गेल्या महिन्यात तिच्या भिशीला मीही गेले होते. चहा चालू असताना एक मावशी खोकत होत्या. त्या घरी अगरबत्त्या वळतात. सगळ्या जणी आलं, तुळस, मध सुचवत होत्या. काकूनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय गं, गावाला गेलीस की थांबतो का हा खोकला?"